सौद्याचे सोंग

बलिप्रतिपदेचे दुसरे नाव द्यूतप्रतिपदा. त्या दिवशी घरात दहा-वीस रुपयांचा डाव मांडणारे काका-मामा निदान जुगाराला जुगार म्हणतात. अमेरिकेतल्या आइस हॉकीच्या धन्यांना एवढाही प्रामाणिकपणा साधलेला नाही, ही माझी तक्रार आहे. आणि ती लहान नव्हे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथल्या नॅशनल हॉकी लीगने काल्शी आणि पॉलिमार्केट या दोन भाकीत-बाजारांशी करार केले. या बाजारात सामन्याच्या निकालाचे सौदे होतात. आपला संघ जिंकला तर सौद्यामागे एक डॉलर, हरला तर शून्य. भाव साठ सेंट असेल, तर जिंकण्याची शक्यता शंभरात साठ समजायची. रबराची चकती जाळ्यात गेली, की भाव उसळतो किंवा कोसळतो. अखेरच्या मिनिटांत पिछाडीवरचा संघ गोलरक्षकाला बाहेर बोलावून चढाईला सहावा गडी उतरवतो, तेव्हा प्रेक्षकाचा श्वास अडकतो. सौदा केलेला मात्र भाव पाहत असतो.

ही पैज म्हटली, तर राज्याराज्याचा कायदा आला, कर आला, बहुतेक ठिकाणी एकवीस वर्षांची अट आली. सौदा म्हटला, की कारभार केंद्राच्या वायदेबाजार आयोगाकडे आणि अठराव्या वर्षीच दार उघडे! २०२५ मध्ये नेव्हाडा आणि न्यू जर्सी या राज्यांनी हरकत घेतली, तेव्हा प्रकरणे न्यायालयात गेली.

समर्थक म्हणतात, येथे कोणी एक सट्टेवाला भाव ठरवीत नाही; हजारोंचे शहाणपण भावात उतरते. उतरत असेल. परंतु कापसाच्या वायद्याने शेतकऱ्याला भावाची निश्चिती मिळते आणि गिरणीलाही. हॉकीच्या सौद्यामागे कोणते पीक उभे आहे? रात्री दहाला जो निकाल फुकट कळणार, तो आठ वाजता अदमासाने कळून कोणाची चूल पेटते? एकाला मिळालेला डॉलर दुसऱ्याच्याच खिशातून आलेला असतो.

मुंबईने हे सोंग उलट्या बाजूने पाहिले आहे. एके काळी न्यूयॉर्कच्या कापूसबाजाराचा उघडता आणि मिटता भाव तारेने येई आणि त्याच्या आकड्यावर इथे पैसे लागत. पुढे मडक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या आणि मटका आला. त्या आकड्यामागे निदान खरा कापूस होता. तरी आपण त्याला व्यापार म्हटले नाही. तिकडे मागे एक बोंडही नाही, आणि नाव मात्र व्यापार!

जुगार जगातून जाईल, असे मला वाटत नाही. मी एवढेच म्हणतो, की पाटीवर खरे नाव लिहा. जुगारात हरलो असे ज्याला कळते, तो लाजेने का होईना, कधीतरी उठतो. धंद्यात खोट आली असे ज्याला वाटते, तो ती भरून काढायला पुन्हा बसतो.