आशाताईंच्या अनुभवाचे श्रेयांक

महाराष्ट्रातल्या दोन विद्यापीठांना कधीही शाळेत न गेलेल्या माणसांची नावं आहेत. अमरावतीचं विद्यापीठ संत गाडगेबाबांच्या नावाचं. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरच्यांनी त्यांच्या ओव्या उतरवून घेतल्या म्हणून त्या आपल्यापर्यंत पोचल्या. ही नावं दिली याचा मला अभिमान वाटतो. पण त्याच विद्यापीठांत शिकायला निघालेल्या बाईला आधी बारावीची गुणपत्रिका मागितली जाते. पंधरा वर्षं तिने काय केलं, हे कोणी विचारत नाही.

दीक्षान्त समारंभात एखाद्या ज्येष्ठ समाजसेवकाला मानद डी.लिट. देतात. ती जरूर द्यावी. पण तो सत्कार झाला. ज्यांना आयुष्यात कधी शाल-श्रीफळ मिळणार नाही आणि ज्यांना खरोखर पुढे शिकायचं आहे, त्यांच्या अनुभवाचं काय? आज मला आशाताईंबद्दल लिहायचं आहे.

आशा योजना २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आली. साधारण हजार वस्तीमागे एक आशा, म्हणजे गावपातळीवरची आरोग्य कार्यकर्ती, बहुतेक वेळा गावातलीच सून. कागदोपत्री ती स्वयंसेविका. तिला पगार नाही, थोडं मानधन आणि कामागणिक मोबदला. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या सगळ्या आशांचा गौरव केला, तेव्हा आपण टाळ्याही वाजवल्या.

तिचं काम जवळून पाहावं. बाळ दवाखान्यात जन्मलं, तरी तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत तिला सहा वेळा त्या घरी जावं लागतं. हात धुऊन कोरडे करायचे. बाळाला झोळीत घालून वजन करायचं, काखेत थर्मामीटर लावायचा. मग दुपटं बाजूला करून, घड्याळावर नजर ठेवून, पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. साठ किंवा त्याहून जास्त भरले, तर पुन्हा मोजायचे. छातीचा खालचा भाग आत ओढला जातोय का, अंग गार पडलंय का, बाळाने दूध ओढायचं सोडलंय का, हे पाहायचं. आणि हे सगळं उरकल्यावर मध चाटवू नका, घुट्टी देऊ नका, हे सासूबाईंना असं सांगायचं की त्यांचा मान राहील आणि पुढच्या भेटीला दार उघडं मिळेल. माझ्या मते हा शेवटचा भाग सगळ्यात अवघड आहे. तो शिकवायला नर्सिंग कॉलेजात फार तर दोन-चार तास असतील. आशाताई तो वर्षानुवर्षं दारोदार करते आहे.

हे निव्वळ मायेचं काम नाही, त्यामागे पक्कं शास्त्र आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने नव्वदच्या दशकात गडचिरोलीतल्या ३९ गावांमध्ये थोडंफार शिकलेल्या बायकांना नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखायला आणि गरज पडल्यास इंजेक्शन द्यायला शिकवलं. तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ साली ते निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. आज देशभर आशा करतात त्या घरभेटींचं मूळ तिथे आहे. त्याच्याही आधी, १९७० पासून, जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी निरक्षर बायकांना गावच्या आरोग्य कार्यकर्त्या केलं, आणि पुढे देशोदेशीचे डॉक्टर या बायकांकडून शिकायला येऊ लागले. शिकवायला त्या चालतात, तर त्यांच्या शिकण्याची नोंद का होऊ नये?

नियमांची अडचण असती तर एक वेळ समजलं असतं. पण २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात अनुभवातून आलेलं शिक्षणही, तपासून घेऊन, श्रेयांकात (क्रेडिटमध्ये) मोजायची सोय आहे. तीस तासांच्या शिक्षणाला एक श्रेयांक, हा त्याचा हिशेब. श्रेयांकांबद्दल मी या स्तंभात वारंवार लिहिते, आणि दर वेळी जाणवतं की कॉलेजात आधीच बसलेल्या मुलांच्या सोयीपुरतीच ही चर्चा चालते. आशाताई दहावी झालेली असेल, तर एएनएम किंवा जीएनएम या नर्सिंगच्या अभ्यासक्रमांना बारावीची अट तिच्या आड येते. काही ठिकाणी आशांना नर्सिंग प्रवेशात प्राधान्य आहे, ते चांगलंच आहे. पण आत गेल्यावर तिला अठरा वर्षांच्या मुलीबरोबर ओळीने पहिल्या धड्यापासून सुरुवात करायची.

नर्सिंगशी खेळ नको, असं काही डॉक्टर म्हणतील. त्यांचं बरोबर आहे. पैसे भरून ‘मानद डॉक्टरेट’ घेणाऱ्यांचा आणि ती नावाआधी मिरवणाऱ्यांचा सुळसुळाट झालेला असताना अनुभवाच्या नावाखाली पदव्यांची खैरात मला अजिबात नको आहे. परीक्षा घ्या आणि कडक घ्या. फ्रान्सने २००२ साली कायदा करून हेच केलं. उमेदवार आपलं काम सविस्तर लिहून देतो, परीक्षक मंडळ त्याला समोर बसवून खोदून विचारतं आणि पूर्ण पदविका, काही भाग किंवा नकार, यांपैकी एक निर्णय देतं. सहायक परिचारिकेची सरकारी पदविकाही तिथे या वाटेने मिळवता येते. सगळं सिद्ध झालं नाही, तर राहिलेला भागच पूर्ण करायचा.

आपल्याकडे याची सुरुवात नाशिकमधून होऊ शकते. आरोग्य विज्ञान विद्यापीठ तिथेच आहे आणि शाळा सुटलेल्यांसाठी पूर्वतयारीची वाट काढणारं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठही तिथेच. दोघांनी नर्सिंग परिषदेला बरोबर घेऊन आधी एका जिल्ह्यात असं परीक्षक मंडळ बसवावं. आशाताईंची वर्षानुवर्षांची रजिस्टरं हा लेखी पुरावा धरावा. प्रात्यक्षिक प्राथमिक आरोग्य केंद्रात व्हावं आणि तोंडी परीक्षा मराठीत, आदिवासी भागात माडिया-गोंडीतही. परीक्षकांत एक डॉक्टर असावा, एक नर्सिंगच्या प्राध्यापिका असाव्यात. तिसरी खुर्ची मुरलेल्या आशाताईला द्यावी, आणि तिच्या गुणांचं वजन इतर दोघांइतकंच असावं.