पोटखराब्याखालचे पाणी

कोकणातल्या सात-बाराच्या उताऱ्यावर एक शब्द हमखास भेटतो : पोटखराब. ज्या जमिनीवर नांगर चालत नाही आणि पीक उभे राहत नाही, तिच्यासाठी महसूल खात्याने ठरवलेला हा शब्द. बँकेत शेतीकर्जाच्या टेबलावर होतो तेव्हा तो रोज डोळ्यांखालून जाई. तारण म्हणून त्या क्षेत्राला कोणी मोजत नसे. कर्ज मागायला आलेला मालकच म्हणे, ‘ते सोडा हो साहेब, तो नुसता सडा आहे.’

हा ‘नुसता सडा’ काय चीज आहे, ते कागदावरून कळत नाही. त्यासाठी पाखाडी उतरावी लागते. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो : पाखाडी म्हणजे जांभ्या दगडाने बांधलेली पायऱ्यांची वाट. सड्यावरून वाडीत, वाडीतून माडा-पोफळींच्या आगरात आणि तिथून समुद्राकडे ती उतरते. निवृत्तीनंतर रत्नागिरी, राजापूर, देवगडकडच्या अशा वाटा मी पायांखाली घातल्या आणि माझे एक मत पक्के झाले. कोकणचे भूगर्भशास्त्र शिकायला याहून सोपी शाळा नाही, आणि ती शाळा आपण आपल्या हाताने बंद करत चाललो आहोत.

पहिला धडा सड्यावरच मिळतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरून दख्खनचा काळा पाषाण तयार झाला. पुढे उष्ण आणि दमट हवेत लाखो वर्षे पावसाने त्यातली सिलिका आणि क्षार धुऊन नेले. मागे राहिले लोह आणि अॅल्युमिनियम. तोच हा तांबडा, सच्छिद्र जांभा. जमिनीत असतो तोवर कुऱ्हाडीने तासता येतो, वारा लागला की कठीण होतो. फ्रान्सिस बुकानन या इंग्रज कंपनीच्या डॉक्टराने मलबारात लोक त्याच्या विटा पाडताना पाहिले आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवृत्तात विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला ‘लॅटराइट’ हे नाव दिले. आपल्याकडच्या गवंड्याला त्याची पारख अर्थातच त्याआधीपासून होती.

आता पायऱ्या उतरू लागा. काही ठिकाणी जांभा संपतो आणि पांढुरकी, पिवळसर चिकणमाती लागते. रत्नागिरीच्या परिसरात विहिरी खणताना जांभ्याखालच्या मातीत कोळशासारखे झालेले लाकूडही सापडलेले आहे. म्हणजे आज जिथे कातळ तापतो तिथे कधी काळी झाडी होती. पण खरी गंमत पुढेच आहे. या चिकणमातीच्या आसपास वाट एकदम ओलसर होते, हवा गार लागते, आणि एखादा झरा किंवा बाव दिसते. वाडी नेमकी तिथेच वसलेली असते.

हा योगायोग नव्हे. रत्नागिरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्यातला बराच वाहून जातो, पण काही सड्याच्या भोकाभोकांतून खाली मुरतो, चिकणमातीशी अडतो आणि हळूहळू उताराने बाहेर येतो. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचे तर सडा ही वाडीची मुदत ठेव आहे. आषाढात जमा होते, चैत्र-वैशाखात व्याजासकट नसली तरी हप्त्याहप्त्याने परत मिळते. उताऱ्यावर मात्र तिची नोंद ‘खराब’.

पाखाडी समुद्राशी संपते. पुढचा धडा वाचायला श्रीवर्धन तालुक्यातले हरिहरेश्वर गाठावे. तिथल्या प्रदक्षिणेच्या वाटेवर दोन कड्यांमधल्या पायऱ्या उतरून आपण लाटांनी कापून सपाट केलेल्या कातळावर येतो. कड्यांच्या अंगावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोके आहेत. खाऱ्या पाण्याचे तुषार दगडात शिरतात, पाणी सुकते, मिठाचे स्फटिक फुगतात आणि दगडाचा कण न् कण सुटतो. ही वाट ओहोटीलाच करायची. जुने लोक त्यासाठी तिथीची पाऊणपट करत : चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. खडक, चंद्र आणि देव यांची सांगड घालणारी ही पायवाट कुठल्याही पर्यटन महामंडळाच्या आधीची आहे.

मग अडचण कुठे आहे? सड्यावर चिरेखाणी वाढल्या. यंत्राने चिरे कापायला लागल्यापासून खाण वेगाने खोल जाते. सडे सपाट करून बंगल्यांचे प्लॉट पाडले जातात, रस्ते जातात. रस्ता आला की पाखाडीवर गवत माजते, कुठे तिच्यावरच काँक्रीट ओततात. चिरेखाणीवर अनेकांचे पोट आहे आणि कोकणातली घरे त्याच चिऱ्यांची आहेत, हे मला मान्य आहे. आजारी माणसाला पायऱ्यांवरून डोलीत घालून न्या, असे मी म्हणणार नाही; रस्ता हवाच. पण ठेवीतून किती काढायचे याला काही हिशेब असतो. झऱ्याच्या माथ्यावरचा सडा कापला, तर खाणमालकाचा फायदा एकदाचा आणि खालच्या वाडीचा टँकर दर उन्हाळ्याचा.

याच सड्यांवर कातळशिल्पे आहेत. कशेळीचा भला थोरला हत्ती आहे, बारसूची चित्रे आहेत. २०२२ साली कोकणातल्या अशा नऊ स्थळांचा युनेस्कोच्या संभाव्य यादीत समावेश झाला. त्याच वर्षी डिसेंबरात केंद्राच्या खाण मंत्रालयाने भूवारसा जपण्यासाठी कायद्याचा मसुदाही प्रसिद्ध केला. उत्तम झाले. परंतु दिल्लीचा कायदा एखाद्या वाडीच्या झऱ्यापर्यंत पोचायला फार पायऱ्या आहेत.

म्हणून माझी मागणी लहान आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतल्या पाखाड्या, झरे आणि त्यांच्या माथ्यावरचे सडे यांची एक यादी करावी आणि ती ग्रामसभेत वाचावी. खाणीचा किंवा प्लॉटचा अर्ज आला की पहिल्यांदा ही यादी उघडावी. पडलेल्या पायऱ्या गावच्याच गवंड्याकडून, गावच्याच चिऱ्याने बसवून घ्याव्यात. शाळेच्या मास्तरांनी वर्षातून एकदा मुलांना सड्यापासून किनाऱ्यापर्यंत चालवावे आणि प्रत्येक थराशी थांबावे. याला मोठा निधी लागत नाही.

आणि महसूल खात्याने तो ‘पोटखराब’ शब्द हवा तर तसाच ठेवावा. मात्र त्या गटाच्या खाली कोणाची विहीर आहे, एवढे शेऱ्याच्या रकान्यात लिहायला हरकत नसावी.