काटा कुणाच्या हाती

मे महिन्यातली दुपार होती. आंब्याचा हंगाम भरात होता आणि मार्केट यार्डातल्या आमच्या कचेरीखाली पेट्यांनी भरलेले टेम्पो खोळंबले होते. भुसार बाजारातल्या एका दुकानात हिशेब लिहिणारे गृहस्थ जिना चढून वर आले. त्यांनी टेबलावर रुमालाची पुरचुंडी सोडली. आत इंजेक्शनच्या तीन रिकाम्या कुप्या होत्या. त्यांचा मुलगा सतरा वर्षांचा. रोज पहाटे सायकलवर बोपदेव घाट चढतो. 'ताकदीचं आहे, जीवनसत्त्व आहे' असं सांगून शिकवणाऱ्यानेच त्याला ते टोचलं होतं. मोबाइलवरचे निरोपही त्यांनी दाखवले.

"साहेब, नावानिशी छापा," ते म्हणाले. "दिवाळी अंक घरोघर जातो. एकदा छापून आलं की कुणाला दाबता येणार नाही."

मी छापलं नाही.

आता हा लेख लिहायला घेतला तेव्हा, सणाच्या अंकाच्या पहिल्याच पानावर हा विषय कशाला, असं सहकाऱ्यांनी विचारलं. पण जानेवारी २०२६मध्ये पुणे ग्रँड टूरच्या निमित्ताने जगभरातले सायकलपटू पाच दिवस आपल्या जिल्ह्यातून धावले, शाळकरी पोरं रस्त्याकडेला उभी राहून ओरडत होती. त्यातली काही आता स्पर्धेची सायकल मागत असतील. त्या सायकलीबरोबर काय येतं, हे त्यांच्या घरच्यांना आधी कळायला हवं. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या २०२४च्या आकडेवारीत भारताच्या ७,११३ नमुन्यांपैकी २६० सदोष निघाले. मोठ्या संख्येने चाचण्या करणाऱ्या देशांत त्या वर्षी हे प्रमाण सर्वांत वाईट होतं.

छापलं नाही याचं पहिलं कारण तो मुलगा. शरीरात जे सापडेल त्याला खेळाडूच जबाबदार, मग ते कुणीही दिलेलं असो, असा या क्षेत्रातला नियम आहे. छापलं असतं तर सर्वांत आधी तोच अडकला असता आणि त्याचं नाव गल्लीभर झालं असतं. तपासणाऱ्यांकडे आपणहून गेलं तर अल्पवयीन खेळाडूला सवलत मिळू शकते, त्याचं नाव जाहीर न करण्याची मुभा असते, आणि दुसऱ्याचा गुन्हा उघड करायला मदत केली तर शिक्षाही घटते. शिवाय रिकाम्या कुपीत काय होतं ते शाई सांगू शकत नाही, त्याला प्रयोगशाळाच लागते. आणि बातमी फुटली की माल संध्याकाळपर्यंत हलतो. सप्टेंबर २०२३मध्ये दिल्लीच्या राज्य स्पर्धेत तपासणी पथक आल्याची कुणकुण लागताच मैदान रिकामं झालं. पुरुषांच्या शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीत एकच धावपटू धावला.

इतकं सगळं पटूनही त्या रात्री मला झोप लागली नाही. तपासणाऱ्यांवर विसंबून राहिलेल्यांचं काय झालं, हेही मी वाचलेलं होतं. रशियाच्या उत्तेजकविरोधी संस्थेत काम करणारा विताली स्टेपानोव २०१० पासून जागतिक संस्थेला पत्रं लिहीत होता, दोनशेच्या वर. तेव्हा त्या संस्थेला स्वतः तपास करण्याचा अधिकारच नव्हता. शेवटी तिथल्याच एका अधिकाऱ्याने त्याला जर्मन पत्रकाराची वाट दाखवली आणि डिसेंबर २०१४मध्ये दूरचित्रवाणीवर सारं उघड झालं.

सायकलिंगचा इतिहास तर याहून कडू आहे. १९९९च्या टूर द फ्रान्समध्ये क्रिस्तोफ बासों हा तरुण वर्तमानपत्रातून उत्तेजकांबद्दल लिहीत होता. भर शर्यतीत लान्स आर्मस्ट्राँगने त्याच्याजवळ येऊन निघून जायला सांगितलं, बाकीच्यांनी त्याला वाळीत टाकलं आणि तो शर्यत सोडून घरी गेला. एमा ओरायली ही आर्मस्ट्राँगच्या संघाची मालिश करणारी बाई २००४मध्ये एका पुस्तकासाठी खरं बोलली, तर तिच्यावरच खटला गुदरला गेला. सत्य बाहेर यायला २०१२ उजाडलं. अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने सव्वीस जणांच्या साक्षी नोंदवल्या, त्यात अकरा जण आर्मस्ट्राँगचे जुने सहकारी होते, आणि त्याची टूरची सातही विजेतेपदं गेली. ज्यांनी आधी जाहीर सांगितलं त्यांनी किंमत मोजली, आणि ते पुराव्यानिशी शाबीत झालं ते तपासातूनच. मात्र आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने आर्मस्ट्राँगला झुकतं माप दिलं, असा ठपका २०१५च्या स्वतंत्र चौकशीत आला. ज्यांचं पोट शर्यतीच्या झगमगाटावर चालतं, त्यांच्याच हाती तपासणी होती.

आमच्या यार्डात माल शेतकऱ्याचा असतो आणि गाळा आडत्याचा. वजन मात्र तोलणार करतो, त्याला बाजार समितीचा वेगळा परवाना लागतो. आडत्यानेच काटा धरला तर शेतकऱ्याने कुणावर विश्वास ठेवायचा? म्हणून माझं ठाम मत आहे की तक्रार आधी तपासणाऱ्याकडेच जावी, पण तो खेळ चालवणाऱ्यांचा माणूस नसावा, आणि त्याला मुदत घातलेली असावी. मुदत उलटली तर छापणं हे संपादकाचं काम आहे आणि ते मी करीन.

सांगणाऱ्याचं काय, हा प्रश्न उरतोच, आणि तो आपल्या दाराशी आहे. तळेगाव दाभाड्याच्या सतीश शेट्टींनी माहिती अधिकारातून जमिनींचे गैरव्यवहार उघडे केले, पोलीस संरक्षण मागितलं, आणि १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरायला गेले असता त्यांचा खून झाला. सरकारी भ्रष्टाचाराची खबर देणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४मध्ये संमत झाला, पण तो अमलात आणलाच गेला नाही. खेळातल्या सतरा वर्षांच्या पोराला तर त्या कायद्याचाही आधार नाही. मग त्या बापाला 'जा, तक्रार करा' एवढं सांगून जिना उतरवायचा का?

आम्ही दोघांनी बसून तपासणाऱ्यांच्या नावे अर्ज लिहिला. तारीखवार घटना मांडल्या, निरोपांच्या प्रती जोडल्या, कुप्या मोहोरबंद पाकिटात ठेवल्या. पोच माझ्या पत्त्यावर मागवली, त्यांच्या घरच्या नव्हे. प्रत माझ्या खणात आहे आणि तिच्यावर पुढच्या मे महिन्याची तारीख घातली आहे. त्या दिवसापर्यंत कुणी हललं नाही तर मुलाचं नाव वगळून बाकी सगळं छापायचं, असं आमचं ठरलं आहे.

दसऱ्याला ते गृहस्थ झेंडूची पाटी घ्यायला फुलबाजारात आले होते, तेव्हा वर डोकावून गेले. मुलाने शिकवणारा बदलला आहे. पहाटे तो बोपदेव चढतो, वेळ पूर्वीपेक्षा थोडा जास्त लागतो, आणि हे स्कूटरवरून त्याच्या मागे जातात.