जुनी करवत, नवे कर्ज

एखादा सुतारखाना बंद पडतो तेव्हा त्यातील लाकूड चार दिवसांत विकले जाते. यंत्रे मात्र गिऱ्हाइकाची वाट पाहत महिनोन्महिने ताडपत्रीखाली पडून राहतात. रंध्याचे मशीन, भोके पाडण्याचे मशीन आणि त्यांच्या जोडीला गोल पात्याची टेबल-करवत, जिला कारागीर ‘टेबल सॉ’ किंवा नुसते ‘कटर’ म्हणतात. जेथे लाकूडकामाची दाटी आहे तेथे अशा यंत्रांची देवघेव चालतेच. भावनगरजवळच्या अलंग येथे १९८३ पासून जहाजे तोडली जातात. तेथील बाजारात जहाजांवरच्या दुरुस्तीखोल्यांतील यंत्रेही विक्रीस येतात.

अशा यंत्रासाठी कर्जाचा अर्ज शाखेत आला की टेबलामागच्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : नवे का घेत नाही? नव्या यंत्राचे दरपत्रक छापील असते, विक्रेत्याचे बिल असते, हमीपत्र असते. फाईल नीटनेटकी होते. जुन्या यंत्राबाबत यांपैकी बहुधा काहीच नसते. त्यामुळे पुष्कळदा अर्जदार नाउमेद होऊन परततो आणि सावकाराकडून रक्कम उचलून तेच यंत्र घेतो. जुने यंत्र वाईट, हा समज जितका चुकीचा आहे तितकाच जुने म्हणजे स्वस्त, हा समजही चुकीचा आहे. दोन्ही समजुती यंत्राकडे न पाहताच केलेल्या आहेत.

वडोदऱ्यातील एखादा सुतार डोळ्यांसमोर आणावा. स्वतः आणि दोन माणसे, भाड्याची जागा, दारे-खिडक्यांच्या चौकटी आणि सागवानी फर्निचर हे मुख्य काम. फळ्या उभ्या चिरून आणण्यासाठी तो वखारीला महिन्याला सरासरी ३,००० रुपये देतो, असे धरू. समोर एक जुनी टेबल-करवत आहे. मागितलेली किंमत ४५,००० रुपये. तशाच नव्या यंत्राला वाहतुकीसह १,१०,००० रुपये पडतात, असेही धरू. आकडे गृहीत आहेत. परंतु हिशेबाची रीत खरी आहे.

प्रथम विचारायचे ते यंत्राविषयी नव्हे, कामाविषयी. काय कापायचे आहे? सागवानाच्या फळ्या चिरायच्या असतील तर भक्कम टेबल, पुरेशा अश्वशक्तीची मोटर आणि पात्याशी समांतर राहणारी गाईडपट्टी एवढ्यावर काम भागते. पण गेल्या काही वर्षांत शहरांतील सुतारकाम प्लायवूड आणि लॅमिनेटकडे वळले आहे. आठ फूट बाय चार फुटांचा १८ मिलिमीटर जाडीचा तक्ता तीस किलोंहून अधिक वजनाचा असतो. तो लहान टेबलावर एकट्याने सरळ रेषेत ढकलणे जवळजवळ अशक्य. त्यासाठी सरकत्या टेबलाची करवत लागते. जर्मनीतील विल्हेल्म आल्टेनडॉर्फ यांनी १९०६ मध्ये अशी करवत तयार केली. ज्याचे तीन-चतुर्थांश काम स्वयंपाकघरातील कपाटांचे आहे त्याने साधी टेबल-करवत कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. ती कोपऱ्यात जागा अडवून बसेल आणि हप्ता मात्र चालू राहील.

आपल्या सुताराचे काम फळ्यांचे आहे, म्हणून पुढे जाता येते. बिडाच्या टेबलावर वरवरचा गंज असला तर घाबरण्याचे कारण नाही. रॉकेल आणि पॉलिशपेपर यांनी तो निघतो. बिडाला तडा गेलेला असेल तर मात्र व्यवहार तेथेच थांबवावा, कारण बीड जोडून पुन्हा सपाट करणे अवघड व खर्चिक असते. वीज बंद करून, पट्टा काढून, शाफ्ट हाताने फिरवून पाहावा. बेअरिंग खरखरत असेल तर ती बदलता येते. पण शाफ्टच हलत असेल, तर बेअरिंग ज्या बैठकीत बसते ती झिजली असण्याचा संभव आहे आणि तो खर्च आधी सांगता येत नाही. पात्याच्या एकाच दातावर खडूची खूण करावी, ती खूण टेबलाच्या पुढच्या टोकाशी आणि मग मागच्या टोकाशी आणून टेबलावरच्या खाचेपासूनचे अंतर मोजावे. दोन्ही अंतरे सारखी नसतील आणि पाते सरळ बसवण्याची सोयच मोडलेली असेल, तर ती करवत लाकूड कापण्याऐवजी जाळील.

मोटरवरची पट्टी वाचणे हे काम अनेक जण दलालावर सोपवतात. ते स्वतः करावे. अश्वशक्ती, व्होल्ट, फेज आणि फेरे यांबरोबर हर्ट्झचा आकडा पाहावा. भारतात वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे. जहाजावरची वीज बहुतेकदा ६० हर्ट्झची असते. अशी मोटर येथे जोडली तर तिचे फेरे सुमारे एक-षष्ठांशाने कमी होतात आणि व्होल्टेजचा मेळ नसेल तर ती तापते. अलंगहून आलेले यंत्र दिसायला भारदस्त असते, हे खरे. पण त्याची मोटर बदलावी लागणार असेल तर तो खर्च किमतीतून वजा झाला पाहिजे. तसेच यंत्र तीन फेजचे असेल तर दोन तारांची अदलाबदल होताच पाते उलटे फिरते. नव्या जागेत पहिल्यांदा चालवताना हे पाहिले नाही तर काय घडेल, हे सांगायला नको.

आता खरा मुद्दा. जुन्या बाजारातील पुष्कळशा करवतींवर दोन वस्तू नसतात : पात्यावरचे झाकण आणि पात्याच्या लगेच मागे उभी असणारी पातळ पोलादी पट्टी, जिला रायव्हिंग नाईफ म्हणतात. विचारल्यास उत्तर मिळते की कामात अडचण होते म्हणून काढून ठेवली होती, नंतर सापडली नाही. ३०० मिलिमीटर व्यासाचे पाते मिनिटाला २,८८० फेऱ्यांनी फिरते तेव्हा त्याच्या दातांचा वेग ताशी १६० किलोमीटरच्या वर जातो. लाकडात दबलेला ताण चिरताना मोकळा होतो, कापलेल्या दोन्ही बाजू पुन्हा जवळ येऊन पात्याला मागून आवळतात, आणि वर येणारे मागचे दात फळी उचलून कारागिराच्या अंगावर फेकतात. फळी आडवी जाते तेव्हा तिला धरलेला हात पात्याकडे ओढला जातो. ती पोलादी पट्टी चीर मिटू देत नाही. तिचे काम एवढेच. वखारींतून आणि सुतारखान्यांतून फिरलेल्या कोणालाही बोटे गमावलेला एखादा जुना मिस्त्री भेटलेला असतो, आणि तो ती गोष्ट हवामानाविषयी बोलावे तितक्या सहजपणे सांगतो.

कायद्याने याची दखल घेतली नव्हती असे नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २१ ने यंत्राचे धोकादायक भाग झाकण्याचे बंधन घातले होते; परंतु मूळ कायदा विजेवर चालणाऱ्या जागेला लागू होण्यासाठी किमान दहा कामगार असावे लागत. दोन-तीन माणसांचा सुतारखाना त्या कक्षेबाहेरच राहिला. अमेरिकेत २००४ पासून अशी करवत विकली जाते की त्वचेचा स्पर्श होताच तिचे पाते सुमारे पाच मिलिसेकंदांत थांबते. तिची किंमत येथील लहान कारागिराच्या आवाक्याबाहेरची आहे. आवाक्यात आहे ते झाकण आणि ती पट्टी, जी जवळचा फॅब्रिकेटर बनवून देऊ शकतो, यंत्रात ती बसवण्याची जागा शिल्लक असेल तर. पट्टी पात्याबरोबर वर-खाली होणारी हवी आणि तिची जाडी पात्याच्या पत्र्यापेक्षा थोडी अधिक, पण दातांनी पाडलेल्या चिरेपेक्षा कमी हवी. नुसता पत्र्याचा तुकडा वेल्ड करून चालत नाही. जागाच शिल्लक नसेल तर त्या यंत्राची योग्य किंमत भंगाराची आहे.

बँकेच्या मूल्यांकन अहवालात यंत्राचे नाव, बनावट, वर्ष, अंदाजित आयुष्य असे रकाने असतात. झाकण आहे की नाही, हा रकाना सहसा नसतो. तो असावा. कर्जाची परतफेड ज्या हातांनी व्हायची त्यांच्याविषयी बँकेने काही विचारू नये, हे तारणाच्या दृष्टीनेही विचित्र आहे. झाकण आणि पट्टी यांचा खर्च प्रकल्पखर्चात धरून त्यासह कर्ज मंजूर केल्यास रक्कम फारशी वाढत नाही, आणि अर्जदाराला तो खर्च टाळण्याचे निमित्तही उरत नाही.

आपल्या सुताराच्या बाबतीत बेअरिंग व पट्टा ३,०००, कार्बाइड दातांचे पाते २,५००, वीज जाऊन आल्यावर यंत्र आपोआप सुरू होऊ न देणारा स्टार्टर ३,०००, झाकण व पट्टी ४,०००, वाहतूक व बसवणी ८,००० आणि तीन फेजची वायरिंग ६,५०० असे २७,००० रुपये धरले, तर ४५,००० ची करवत ७२,००० ची होते. नव्या यंत्रालाही वायरिंग लागतेच, म्हणून ते १,१६,५०० ला पडेल. १२ टक्के व्याजाने २४ महिन्यांची मुदत घेतल्यास जुन्याचा हप्ता सुमारे ३,३९० आणि नव्याचा सुमारे ५,४८० रुपये. वखारीचे ३,००० रुपये वाचत असतील तर जुने यंत्र आपला भार जवळजवळ स्वतः उचलते. नवे उचलत नाही. पात्र सुताराने २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत नोंदणी केली असेल, तर एक लाखापर्यंतचे पहिले कर्ज ५ टक्के व्याजाने, १८ महिन्यांच्या मुदतीने मिळू शकते. त्यात ७२,००० चा हप्ता सुमारे ४,१६० होतो, पण एकूण व्याज तीन हजारांच्या आत राहते. शिवाय नव्या यंत्राची बाजारातील पहिली मोठी घसरण कोणीतरी आधीच सोसलेली आहे. काम जमले नाही तर जुने यंत्र घेतल्या भावाच्या आसपास पुन्हा विकता येते.

एक धोका यंत्रात दिसत नाही. बंद पडलेल्या सुतारखान्याचे यंत्र दुसऱ्या बँकेकडे नजरगहाण असू शकते. १९३० च्या मालविक्री अधिनियमाचे सामान्य तत्त्व असे की विक्रेत्याकडे जेवढा हक्क आहे त्याहून अधिक हक्क खरेदीदाराला मिळत नाही. मूळ बिल, बँकेचा नाहरकत दाखला आणि सरसाई या केंद्रीय नोंदणीतील शोध एवढे केल्याशिवाय रोकड देऊ नये. ओंडके चिरण्याचा विचार असेल तर आधी वन विभागात चौकशी करावी. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नव्या करवतगिरण्यांच्या परवान्यांवर निर्बंध घातल्यापासून ही बाब सैल राहिलेली नाही.

राहिली किंमत. दुरुस्तीच्या २७,००० पैकी वायरिंग आणि वाहतूक घेणाऱ्याने सोसावी, ते रास्त आहे. उरलेले १२,५०० रुपये विक्रेत्याच्या यंत्रातील उणिवांचे आहेत. म्हणून सुताराने ३२,५०० पासून बोलणी सुरू करावीत, ३८,००० पर्यंत यावे, आणि पैसे मोजण्यापूर्वी दोन इंच जाडीची सागवानी फळी त्याच करवतीवर, विक्रेत्याच्याच मिस्त्रीकडून, आपल्यासमोर चिरून घ्यावी. मिस्त्री झाकणाशिवाय हात घालायला कचरला, तर त्या दिवशी वखारीतूनच माल आणावा.