गाळा बदलताना लेथ वितळवत नाहीत

आपल्या पिंपरी-चिंचवड पट्ट्यात संगणकाच्या प्रत्येक दुखण्यावर एकच औषध मिळतं: फॉरमॅट मारा. स्लो झाला? फॉरमॅट. व्हायरस आला? फॉरमॅट. आणि कहर म्हणजे, मशीन ठणठणीत चालू आहे, फक्त सी ड्राइव्ह भरला म्हणून मोठी हार्डडिस्क टाकायची आहे, तरीही फॉरमॅटच! दुकानदार जुनी डिस्क काढतो, नवीन लावतो, कोरी विंडोज टाकतो, 'डेटा' नावाच्या फोल्डरमध्ये डेस्कटॉप आणि माय डॉक्युमेंट्स कॉपी करतो आणि म्हणतो, "साहेब, सगळं आलंय, बघून घ्या."

सगळं आलेलं नसतं. माझं म्हणणं सरळ आहे. चालू सिस्टिम मोठ्या डिस्कवर नेणं हे कॉपी करण्याचं काम आहे, नव्याने उभारण्याचं नाही. जो ते फॉरमॅट मारून करतो, तो स्वतःचं डोकं वाचवतो आणि गिऱ्हाइकाचे दिवस खर्च करतो.

घरच्या पीसीवर हे खपून जातं. फोटो आले, गाणी आली, मंडळी खूश. पण भोसरी एमआयडीसीतल्या एखाद्या गाळ्यात जाऊन बघा. कोपऱ्यात, कूलंटच्या वासात आणि बीडाच्या धुळीत एक जुना पीसी असतो. विंडोज एक्सपी, 80 जीबीची आयडीई डिस्क. दिसायला भंगार. पण जुन्या सीएनसी मशीनच्या कंट्रोलरची मेमरी तुटपुंजी असते, म्हणून सगळे प्रोग्राम या पीसीवर असतात आणि आरएस-232 केबलने मशीनला सोडले जातात. त्याच डिस्कवर तपासणीचे रिपोर्ट, त्याच डिस्कवर चलनं.

आता बघा, 'डेटा' फोल्डरमध्ये काय येत नाही. बॉड रेट, पॅरिटी, स्टॉप बिट ही प्रत्येक मशीनची वेगळी जुळवणी. रजिस्ट्रीत बसलेलं सॉफ्टवेअरचं लायसन्स. डोंगलचा ड्रायव्हर, ज्याची सीडी केव्हाच हरवली. दहा वर्षांपूर्वी कोणीतरी बसवून दिलेलं सॉफ्टवेअर, ज्याचा विकणारा आता फोन उचलत नाही. यातलं काहीच माय डॉक्युमेंट्समध्ये नसतं.

माझ्या माहितीतल्या एका गाळ्यात हेच झालं. प्रोग्रामच्या फायली आल्या, पण त्या सोडणारं सॉफ्टवेअर परत चालेना. तीन दिवस ऑपरेटर मशीनसमोर उभा राहून एकेक ओळ हाताने टाकत होता. जुनी डिस्क मागायला गेले तर दुकानदाराने ती कधीच विकून टाकली होती. चाकणच्या लाइनला माल वेळेवर गेला नाही की काय होतं, हे या भागात कोणाला सांगायला नको.

शिवाय कागदांचा प्रश्न आहे. वाहन उद्योगाला पार्ट पुरवणाऱ्यांसाठी 2016 पासून आयएटीएफ 16949 हे मानक आहे. त्याप्रमाणे पार्टच्या मंजुरीची आणि टूलिंगची कागदपत्रं तो पार्ट उत्पादनात आणि सर्व्हिसमध्ये असेपर्यंत, आणि त्यापुढे एक कॅलेंडर वर्ष, सांभाळावी लागतात. ऑडिटरला "फॉरमॅट मारला हो" सांगून चालत नाही.

आपल्याच भागातलं उदाहरण घ्या. गाळा लहान पडला, मोठा घेतला. मग लेथचं काय करता? हायड्रा बोलावता, लेथ उचलता, नव्या जागी ठेवता, लेव्हलिंग करता, वायरिंग जोडता. लेथ वितळवून पुन्हा ओतायला कोणी देत नाही. ऑपरेटिंग सिस्टिमचंही तेच. उचला, ठेवा, लेव्हल करा.

मग नुसतं कॉपी-पेस्ट का चालत नाही? कारण डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे एमबीआर, कुठल्याच फोल्डरमध्ये दिसत नाही. 512 बाइट्सच्या त्या तुकड्यात बूट कोड, चार पार्टिशनचा तक्ता आणि विंडोज डिस्क ओळखते ती सही असते. शिवाय चालू विंडोज स्वतःच्याच काही फायली धरून बसते. म्हणून पीसी दुसऱ्या सिस्टिमवरून बूट करून अख्खी डिस्क सेक्टर ते सेक्टर उचलायची. क्लोनझिला हे त्यासाठीचं फुकट साधन आहे, तैवानमध्ये बनलेलं.

वेळ किती? हिशोब करू. यूएसबी 2.0 च्या अडॅप्टरने सेकंदाला साधारण 30 एमबी धरले तर 80 जीबीला पाऊण तास लागतो. 500 जीबीला साडेचार-पाच तास. आपल्याकडे एमआयडीसीला गुरुवारची सुट्टी असतेच. सकाळी लावा, संध्याकाळी या.

काम करताना पुढच्या गोष्टी सांभाळा:

1. मूळ कोणती आणि नवीन कोणती हे डिस्कच्या साइज आणि नंबरवरून दोनदा तपासा. उलटी कॉपी झाली तर कोरी डिस्क मूळ डिस्कवर उतरते.

2. जुनी डिस्क खरखर करत असेल तर साधी कॉपी नको. जीएनयू डीडीरेस्क्यू वापरा. ते आधी चांगला भाग उचलतं, खराब जागांची नोंद ठेवतं आणि त्यांच्याकडे मागाहून वळतं.

3. कॉपीनंतर पहिल्यांदा बूट करताना फक्त नवीन डिस्क जोडा. दोन्ही डिस्कची सही सारखीच असते, आणि विंडोजचा ड्राइव्ह लेटरचा गोंधळ तिथे सुरू होतो.

4. नवीन डिस्क मोठी असूनही सी ड्राइव्ह तेवढाच दिसेल. घाबरू नका, उरलेली जागा मागे मोकळी पडलेली असते. जीपार्टेडने पार्टिशन वाढवा. मध्ये रिकव्हरी पार्टिशन आडवं येत असेल तर आधी ते सरकवा.

5. एक्सपीसाठी बायोसमध्ये साटा मोड आयडीईच ठेवा. एएचसीआय केलात तर निळा पडदा. एक्सपीला किमान सर्व्हिस पॅक 1 हवा, नाहीतर 137 जीबीच्या पुढचं दिसत नाही. एमबीआर असेल तर 2 टीबीच्या पुढे जाऊ नका.

6. नवीन विंडोजवर बिटलॉकर चालू असेल तर रिकव्हरी की आधी कागदावर लिहून ठेवा.

7. जुनी डिस्क निदान तीन महिने कपाटात. बायबॅकमध्ये द्यायची नाही म्हणजे नाही.

आता नेहमीचे आक्षेप. "फॉरमॅटने मशीन फास्ट होतं." होतं, कारण त्यावर काहीच उरत नाही! जुन्या डिस्कऐवजी एसएसडीवर कॉपी केली तरी फरक जाणवतो, आणि काम जागच्या जागी राहतं. "व्हायरसही कॉपी होईल." हो, होईल. सिस्टिम खरोखर पोखरलेली असेल तर कोरी विंडोजच बरी, हे मला मान्य आहे. पण तेव्हाही आधी अख्ख्या डिस्कची कॉपी काढा, मग पुसा. "लायसन्स जाईल." मशीनसोबत आलेली विंडोज मदरबोर्डला बांधलेली असते. फक्त डिस्क बदलल्याने ती सहसा कुरकुर करत नाही. इतर सॉफ्टवेअर डिस्कचा नंबर बघत असेल तर विकणाऱ्याला आधी विचारा.

"एक्सपीचा सपोर्ट 8 एप्रिल 2014 ला संपला, विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला. मग जुनं कशाला वाहायचं?" हा प्रश्न रास्त आहे. म्हणून सीएनसीजवळच्या पीसीची नेटची केबल काढून ठेवा, आणि नवीन सिस्टिमची तयारी सावकाश, दुसऱ्या पीसीवर करा. पण डिस्क बदलणं आणि सिस्टिम बदलणं एकाच दिवशी करू नका. काही अडलं तर नक्की कशामुळे, ते कळणारच नाही.

थोडं आपल्या आयटीवाल्यांबद्दल. इंजिनिअरिंगला ऑपरेटिंग सिस्टिम हा अख्खा विषय असतो. पेजिंग, डेडलॉक सगळं पाठ. हिंजवडीत बसून आपण परदेशातल्या कंपन्यांचे सर्व्हर एका डेटा सेंटरमधून दुसऱ्यात नेतो. त्याला मायग्रेशन म्हणतो, आधी प्लॅन, मग रोलबॅक प्लॅन. आणि भोसरीतल्या काकांनी विचारलं की म्हणतो, "फॉरमॅट मारून घ्या ना काका." परदेशी क्लायंटला रोलबॅक मिळतो, काकांना का नाही?

दुकानातल्या पोराला मी दोष देत नाही. त्याला फॉरमॅटचेच पैसे मिळतात, तो फॉरमॅटच विकणार. मागणी बदलली तर तो हेही शिकेल, अवघड काही नाही. म्हणून पुढच्या वेळी बिलावर लिहून घ्या: "डिस्क क्लोन करून दिली, जुनी डिस्क परत केली." आणि पैसे द्यायच्या आधी नवीन डिस्कवरून एक प्रोग्राम मशीनला सोडून बघा. जॉब निघाला की पैसे.