घराचा विमा आणि त्यांतील फटी

जें मिळालेलें नाहीं तें मिळविणें म्हणजे योग आणि जें मिळालें आहे तें राखणें म्हणजे क्षेम, असा अर्थ आम्हीं वर्गांत पुष्कळ वर्षें सांगितला. १९५६ सालीं स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाच्या मुंबईंतील मुख्य कचेरीचें नांवही 'योगक्षेम' असेंच आहे. जीवाचा विमा आपल्या मध्यम स्थितींतील घरांतून आतां चांगला रुजला आहे. परंतु ज्या छपराखालीं आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारीं नांदतात त्या छपराचा विमा आहे काय, असें विचारलें तर बहुतेक मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतात. जो कोणी 'आहे' म्हणतो, त्यानेंही तो कागद उघडून वाचलेला असतो असें नाहीं.

आम्हां रसायनीकरांना तरी हा प्रश्न दूरचा नव्हे. पातळगंगा दाराशीं वाहते. खोपोलीच्या वीजगृहांतून सुटणारें पाणी १९१५ पासून तिला मिळत आलें आहे. आषाढांत त्यांत घाटमाथ्याचें पाणी मिसळलें म्हणजे ती कोणाची भीड धरीत नाहीं. गांवाचें नांवच रसायनी, तेव्हां कारखान्यांविषयीं निराळें सांगावयास नको. वर डोंगर आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं आपल्याच खालापूर तालुक्यांत इर्शाळगडाच्या कुशींतील इर्शाळवाडीवर दरड आली. २७ मृतदेह हातीं लागले आणि ५७ माणसें शेवटपर्यंत सांपडलींच नाहींत. त्याआधीं ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळानें जिल्ह्यांत किती घरांचीं कौलें आणि पत्रे उडविले, हें अनेकांना आठवत असेल.

अशा वेळीं सरकार मदत करतें हें खरें. परंतु केंद्राच्या २०२२ सालच्या निकषांप्रमाणें पक्कें घर सपाट प्रदेशांत पूर्ण पडलें तर १ लाख २० हजार रुपये, आणि अंशतः पडझड झाली तर ६,५०० रुपये, एवढाच तो आधार आहे. साडेसहा हजारांत हल्लीं गवंडी किती दिवस येईल, याचा हिशेब गृहिणींनींच करावा.

विमा नियामक प्राधिकरणानें १ एप्रिल २०२१ पासून सर्व सामान्य विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही एकाच मसुद्याची पॉलिसी ठेवणें बंधनकारक केलें, ही मोठी सोय झाली. आग, स्फोट, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल, झाड अंगावर पडणें, पाण्याची टाकी किंवा नळ फुटणें, हें सर्व तींत येतें. विम्याची रक्कम जागेच्या बाजारभावावर नसून तेंच घर पुन्हां बांधण्यास काय खर्च येईल यावर ठरते. चटईक्षेत्रास बांधकामाच्या चालू दरानें गुणावें, कीं झालें. जमीन जळत नाहीं, म्हणून तिचा हप्ता भरण्याचें कारण नाहीं. पूर्वीं विमा कमी रकमेचा असला तर भरपाईही त्याच प्रमाणांत कापीत; या पॉलिसींत ती काट नाहीं. इमारतीबरोबर सामानाचाही विमा घेतला तर इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, परंतु १० लाखांपर्यंतच, सामान यादी न देतां धरलें जातें.

आतां फटी पाहूं. चोरी तींत येत नाहीं. पूर किंवा आग आल्यानंतर सात दिवसांच्या आंत त्या प्रसंगामुळें चोरी झाली तरच ती धरतात. एरवींच्या घरफोडीसाठीं निराळा विमा घ्यावा लागतो. नवें बांधकाम खचून पडलेल्या भेगा, भराव घातलेल्या जमिनीचें बसणें, नदीनें हळूहळू काठ खाणें, निकृष्ट माल, कालमानानें झालेली झीज, हें सारें बाहेर. विजेच्या दाबानें शीतकपाट स्वतःच जळलें तर त्याची भरपाई नाहीं. त्यापासून आग लागून शेजारचें कपाट जळलें तर कपाटाची आहे. स्फोट आंत आहे, परंतु नुसतें प्रदूषण बाहेर आहे. आमच्यासारख्या कारखान्यांच्या गांवीं हा भेद लक्षांत ठेवण्यासारखा आहे. दागिने आणि चांदीचीं भांडीं किंमत लिहून निराळीं नोंदवावीं लागतात. रोकड, नाणीं, दस्तऐवज आणि हस्तलिखितें स्पष्ट उल्लेखावांचून धरीत नाहींत. ज्यांच्या माळ्यावर पणजोबांच्या हातच्या पोथ्या आहेत त्यांनीं हें वाक्य दोनदां वाचावें.

तथापि एकत्र कुटुंबांत खरी फट निराळीच असते. आमच्या परिचयाच्या एका घरीं धाकट्या बंधूंनीं वरचा मजला चढविण्यासाठीं बँकेचें कर्ज काढलें. त्याबरोबर विमा आला. घरपट्टी मात्र अद्याप वडिलांच्याच नांवें. पुढें एका पावसाळ्यांत खालच्या मजल्यावर कंबरभर पाणी शिरलें. थोरल्यांचा संसार खालीं. गाद्या, धान्य, मुलांचीं पुस्तकें, सारें भिजलें. 'विमा आहे' म्हणून मंडळी निर्धास्त होती. पाहतात तों विमा केवळ इमारतीचा, नांव एकट्या धाकट्यांचें, आणि भिंतींच्या दुरुस्तीपोटीं जे पैसे आले ते कर्जखात्यांत वळते झाले. सामानास एक पै मिळाली नाहीं. थोरल्या वहिनींनीं धाकट्या जावेशीं सहा महिने नीट भाषण केलें नाहीं, आणि यांत त्या दोघींचा काय अपराध होता?

बँकेनें घेतलेला विमा हा प्रथम बँकेच्या क्षेमासाठीं असतो. ज्याचा त्या वस्तूंत हितसंबंध आहे त्यासच विम्याचा हक्क पोंचतो, हें विम्याचें मूळ तत्त्व. म्हणून वडीलधारे निवर्तल्यावर वारसांची नोंद विनाविलंब करून घ्यावी, ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा हातीं ठेवावा, आणि पॉलिसींत सर्व सहहिस्सेदारांचीं नांवें व दोन्ही मजल्यांचें सामान आहे ना हें पाहावें. वांटणी झालेली नसतांही हें करतां येतें. विमा घेतल्यानें कोणाचा हिस्सा वाढत नाहीं कीं घटत नाहीं, हें वडील मंडळींना समजावून सांगावें लागतें एवढेंच.

आणखी एक. मुलगा पुण्यास किंवा परदेशीं आहे म्हणून आईवडील दोनतीन महिने दारास कुलूप लावून जातात. जुन्या अग्निविमा पॉलिसींत घर ३० दिवसांहून अधिक रिकामें राहिल्यास विमा थांबत असे. आपल्या कागदांत काय लिहिलें आहे तें जाण्यापूर्वीं पाहावें आणि कंपनीस लेखी कळवून ठेवावें.

नुकसान झाल्यास त्याच दिवशीं कंपनीस कळवावें, आणि सर्वेक्षक येऊन पाहीपर्यंत भिजलेल्या गाद्या फेंकूं नयेत, छायाचित्रें घ्यावीं. दावा अन्यायानें नाकारला असें वाटल्यास प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी, आणि तिनें दाद दिली नाहीं तर विमा लोकपालाकडे जावें. तेथें फी नाहीं, वकील लागत नाहीं, आणि ५० लाखांपर्यंतची भरपाई देवविण्याचा त्यास अधिकार आहे. पॉलिसीची एक प्रत लेकीच्या सासरीं ठेवावी. घराबरोबर घराचा विमाही वाहून गेला, असें व्हावयास नको.