गतिरोधक आणि स्पोर्ट्‌स कार

पेढीचा कारभार हाती आलेल्या मुलाला स्पोर्ट्‌स कार हवी असते आणि वडिलांचे बोट जादा सोयींच्या यादीत एका ओळीवर थांबते : ‘बदलते सस्पेन्शन’. त्यासाठी वेगळे पैसे मोजावेत काय?

या एका नावाखाली दोन निरनिराळ्या वस्तू येतात. पहिलीत शॉक अ‍ॅब्सॉर्बर मऊ वा कडक होतो. काही गाड्यांत त्यातील तेलात लोहकण असतात आणि चुंबकीय क्षेत्रात ते तेल क्षणात घट्ट होते. २००२ मध्ये कॅडिलॅकने ही युक्ती प्रथम बाजारात आणली. तुळजापूरच्या घाटात वळणावर तिचा गुण खचितच जाणवेल. मात्र असा शॉक अ‍ॅब्सॉर्बर बिघडला की सहसा दुरुस्त होत नाही, अख्खा बदलावा लागतो.

दुसरी सोय गाडीचे नाक उचलते. पोर्शे ९११ मध्ये सुमारे ४० मिलिमीटर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषानुसार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच, पण ३.७ मीटर पसरट असावा. खेड्यांच्या वेशीवरचे उंचवटे मात्र अरुंद आणि उभे. कुंथलगिरीच्या वाटेवर असा एक आडवा आला, तर कडक-मऊचे बटण निरुपयोगीच. (दोन आसनांच्या गाडीत आई-वडील कोठे बसणार, हा प्रश्न निराळा!)

म्हणून धाराशिवच्या ग्राहकाने नाक उचलणारी सोय अवश्य घ्यावी. पहिली मूळ किमतीतच मिळत असेल तरच स्वीकारावी. मागणीपत्रावर सही करण्यापूर्वी घराजवळच्या गतिरोधकाची उंची फूटपट्टीने मोजून विक्रेत्याला दाखवावी.